चार पन्हळींची संगीन

११ जानेवारी

आप्पा,

पाया पडतो. तुम्ही पाय मागे घेतलेत तरी मला इथून दिसणार नाही, तेव्हा पडलोच असं धरा.

सव्वा वर्ष पत्र नाही. सबब सांगत नाही. मधे तीन कामं धरली आणि सोडली. भिंगरी हे नाव तुम्हीच ठेवलंत, आता ती फिरली तर दोष कुणाचा? सध्या भंगाराच्या वखारीत गॅस कटरवर आहे. जुनं भंगार जमवणाऱ्या बापाचा मुलगा भंगार कापतो, यावर आई पोट धरून हसेल. हसू द्या.

तर मुद्दा. परवा कुठल्याशा जुन्या फौजी कोठारातला माल आला. तंबूचे खांब, चेपलेले डबे, गंजलेले कॅन. ढीग ओतताना एक सळई टण्णकन बाहेर पडली. आठ इंच लांब, मागे कडं. माझा जोडीदार म्हणाला, "तंबूची खुंटी आहे, टाक." मी म्हटलं, "तुझ्या आज्याची खुंटी." धार नाही, मूठ नाही, नुसतं टोक, आणि बंदुकीच्या नळीवर बसवायचं कडं. घरी तुमच्या फळीवर जन्मभर तेच बघितलंय, ब्रिटिश फौजेच्या अकरा संगिनी, ओळीने. न ओळखून सांगू कुणाला? बोट फिरवलं. गंजाखाली एक पन्हळ लागली. फिरवली, दुसरी. तिसरी. आप्पा, चौथी!

पहिल्या घडणीची. पुढे लढाईची घाई झाली म्हणून पन्हळी सोडून साध्या गोल करायला लागले, हे तुम्ही जेवताना इतक्यांदा सांगितलंय की मला पाठ आहे. मास्तरांनी हे विचारलं असतं तर मी शाळा सोडलीच नसती.

तुमची तशी एकच होती आणि ती माझ्या हातून गेली. रंगाच्या पिंपाचं झाकण उचकटायला घेतली आणि टोकाजवळ कट्‌कन तुटली. तुम्ही म्हणालात, "चालता हो, आणि बोलावल्याशिवाय येऊ नकोस." झालो चालता. तीन वर्षं चालतोच आहे.

म्हणून ही घ्या. मालकाला विचारून घेतली. गंजून गाजर झाली होती. चार संध्याकाळी आणि एक अख्खा रविवार बफाच्या चाकावर धरून घासली. अंगठा भाजला, पण अशी चमकवली आहे की त्यात माझे दात दिसतात. आमचा ट्रकवाला, त्याला सगळे मिशीवाले म्हणतात, तुमच्या बाजूला येतोय. त्याच्याबरोबर धाडतो. फळीवर एक खिळा मोकळा असेल ना?

इथून तिकडे गाडी आठवड्यातून तीनदा असते. आपलं सहज सांगितलं.

तुमचा भिंगरी


२ फेब्रुवारी

भिंगरी,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी कागदावर उतरवायची गरज नाही.

तुझे मिशीवाले बारा वाजता आले आणि चारला गेले. तीन अपघात आणि एक लग्न सविस्तर सांगितलं. तुझी आई खूश होती.

पुडकं त्यांच्यासमोर उघडलं नाही, ते बरं झालं.

तू चाकावर धरलीस. मी सबंध हयात शस्त्रकोठारात फिटर म्हणून काढली आणि हे माझ्याच मुलाला सांगावं लागतंय. कड्यावर कारखान्याची अक्षरं ठोकलेली असतात. घडणीचा आकडा असतो. तपासनिसाचा मुगाच्या दाण्याएवढा ठसा असतो. आता ते कडं बांगडीसारखं गुळगुळीत आहे. पन्हळींच्या कडा घासून बोथट झाल्या आहेत. यातल्या बहुतेक शिलाईची मशीनं बनवणाऱ्या एका कारखान्यात झाल्या. ही तिथलीच असावी. "असावी" म्हणावं लागतं, कारण सांगणारं जे होतं ते तू पुसून टाकलंस.

मी लोखंड जमवत नाही. ते कुठून आलं, कुणाच्या हातात होतं, ते जमवतो. चाक सगळं सारखं करतं. चाकाने काय होतं ते मला तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

फळीवर लावता येणार नाही. कपाटात ठेवली आहे.

कटर चालवताना काळा चष्मा लावत जा. आईने स्वेटर विणला आहे, मिशीवाल्यांकडे दिला आहे. बाह्या आखूड झाल्या असतील. तुझं माप तिच्याकडे तीन वर्षांपूर्वीचंच आहे.

आप्पा


९ फेब्रुवारी

आप्पा,

स्वेटर मिळाला. बाह्या आखूड आहेत.

कपाटात ठेवली, छान केलंत. मलाही तसंच ठेवलंय तुम्ही, दार लावून. कारखाना कुठला, साल कुठलं, कुणाच्या हातात होती, हे सगळं तुम्ही त्या सळयांना विचारता. भाजलेला अंगठा कुणाचा, ते विचारलं नाहीत.

मला वाटलं होतं तुम्ही "चकाचक आहे रे" एवढं तरी म्हणाल. मूर्ख मी.

ही वखार सोडतोय. नवा पत्ता नाही. लागला तर कळवीन, नाही लागला तर नाही.

भिंगरी


२० मार्च

भिंगऱ्या,

हे पत्र वखारीच्या पत्त्यावर टाकतेय. तू तिथे नसशील, पण मिशीवाले म्हणाले, तिथला वजनकाट्यावरचा बाबू तुझं टपाल सांभाळून ठेवील. माणूस चांगला आहे तुझा मिशीवाला. तोंड तेवढं बंद होत नाही.

तुझ्या वडिलांना न सांगता लिहितेय. ते फिरायला गेलेत. कोपऱ्यापर्यंत जातात आणि टपालवाला दिसला की परत फिरतात, याला ते फिरणं म्हणतात.

तुला पत्रात काय लिहिलं ते मला दाखवलं नाही. पण तुझं उत्तर आलं तेव्हा दोन दिवस हा माणूस माझ्याशी भांडलासुद्धा नाही, यावरून समजले. आता ऐक. ती तुझी चकचकीत संगीन कपाटात वगैरे काही नाही. रोज सकाळी चहा झाला की खिडकीशी बसतात, भिंग घेतात, पातळ कागद त्या कड्यावर ठेवतात आणि वरून हलक्या हाताने पेन्सिल घासतात. मग कागद उजेडात धरतात. मग दुसरा कागद. मी म्हटलं, "अहो, बाळ आहे का ते, कडेवर घेऊन बसायला?" तर म्हणाले, "ठोकताना अक्षर खाली खोलवर दाबलं जातं. वरचं गेलं तरी सावली राहते."

पंधरा दिवस हे चाललं. परवा मी दुधावर लक्ष ठेवा म्हणून सांगून वाळत घालायला गेले, तर हे ओरडत आले, "सापडला गं! कारखान्याचा एस! अर्धा आहे, पण एसच आहे!" माझा हात धरून नाचायचेच बाकी होते. दूध सगळं ओट्यावर. ते बघितल्यावर एकदम गंभीर झाले, म्हणाले, "दूध गेलं वाटतं."

मी म्हटलं, पोराला लिहा की हे. तर भिंग पुसायला लागले. मी म्हटलं, मग मी बोलावते त्याला. तर म्हणतात, "तुझ्या बोलावण्याने येईल आणि माझ्यासमोर मान खाली घालून बसेल. मान कुणी खाली घालायची..." आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. पस्तीस वर्षांत यांची निम्मी वाक्यं मीच पुरी केली आहेत. हे नाही करता आलं.

तू कुठे आहेस? जेवतोस का? मी तुला ओरडत नाही, पण असा पत्ता न देता जाऊ नये रे. ताट वाढताना हात थांबतो.

आई


१८ जून

आई, आप्पा, दोघांना एकच पत्र.

आईचं पत्र काट्यावरच्या बाबूच्या खणात तीन महिने पडून होतं. वर त्याने पावत्यांवर ठेवायचं वजन ठेवलं होतं, उडू नये म्हणून.

मी मधे बंदरावर रंगकाम केलं. मग बर्फाच्या कारखान्यात. दोन्ही सोडलं. कुठेही गेलो की सहा आठवड्यांत पाय खाजतात. तिथून निघालो आणि गाडीत बसताना लक्षात आलं की मी वखारीच्या गाडीत बसलोय. मालक म्हणाला, "आलास? मला वाटलं या वेळी तरी तू बाणेदार निघशील." कटर पुन्हा हातात दिला.

आप्पा, आई रागावेल, पण तिने फोडलं म्हणून लिहितो. अर्धा एस. आई म्हणते तुम्ही नाचायचेच बाकी होतात. मी ते वाचलं आणि बाबूच्या टेबलाशीच बसलो. तो म्हणाला, "वाईट बातमी?" मी म्हटलं, "नाही, दूध ओतू गेलं." त्याला वाटलं मी वेडा आहे.

मी रागात लिहिलं ते तसंच असू द्या, खोडत नाही. पण एक विचारतो. गंज काढायचा कसा? चाकाशिवाय. मला खरंच माहीत नाही. तुम्ही फळीखाली बसून काय करायचात ते मी रोज बघायचो, पण बघत कधीच नव्हतो.

भिंगरी


५ जुलै

भिंगरी,

तुझ्या आईशी बोलणं झालं. मोठ्याने झालं. तो विषय संपला.

गंज दोन प्रकारचा. लाल असतो तो खातो. त्याच्याखाली काळा असतो, तो राखतो. लाल काढायचा, काळ्याला हात लावायचा नाही. चाकाला हा फरक कळत नाही, बोटाला कळतो.

पातळ तेल घे, मशीनला घालतात ते. फडक्यावर घे, लोखंडावर ओतू नकोस. लाव आणि ठेवून दे. दुसऱ्या दिवशी पूस. फडकं लाल झालं तर पुन्हा लाव. काही करावंसं वाटलं तर करू नकोस. हेच सगळ्यात अवघड आहे आणि तुला जास्त अवघड जाईल. जिथे लाल पापुद्रा घट्ट बसलाय तिथे तांब्याची पट्टी आडवी धरून खरवड. तांबं लोखंडाहून मऊ असतं, ओरखडा स्वतःवर घेतं.

कड्यावर काही दिसलं की थांब. पूस, उजेडात तिरकं धर, वाचता येतं का बघ. नाही आलं तर आणखी आठ दिवस तेल.

घाईने काही होत नाही. मी हे कुणी सांगितलं म्हणून नाही, करून शिकलो आहे.

अंगठा बरा झाला का? आधी विचारायला हवं होतं.

आप्पा


२८ सप्टेंबर

आप्पा,

अंगठा बरा आहे. नख वाकडं आलंय, त्याने तांब्याची पट्टी छान धरता येते.

जुलैच्या अखेरीस दुसरी सापडली. चार पन्हळींची नाही, साधी गोल. तुमच्याकडे अशा पाच आहेत हे माहीत आहे. तरी घेतली. मला ती फळीसाठी नको होती, तुम्ही लिहिलेलं खरं आहे का बघायचं होतं.

नऊ आठवडे झाले. बफाचं चाक माझ्या जागेपासून चार पावलांवर आहे. जोडीदार रोज म्हणतो, "दे इकडे, दोन मिनिटांत काम तमाम करतो. किती दिवस त्या सळईला तेल पाजणार आहेस, बाळंतीण आहे का ती?" मी म्हणतो, हात लावलास तर तुलाच चाकावर धरीन. पहिल्या आठवड्यात मला वेड लागायची पाळी आली. तेल लावून ठेवून द्यायची, आणि मग? दिवसभर मन तिकडेच. तिसऱ्या आठवड्यानंतर मात्र गंमत झाली. सकाळी उठलो की आधी फडकं बघायचो, आज किती लाल आलंय. नऊ आठवडे मी एका जागी होतो, आप्पा. माझ्या लक्षातही आलं नाही.

पाचव्या आठवड्यात कड्यावर बाण दिसला. तिरकी धरली तर तो बाण सी अक्षराच्या पोटात. म्हणजे कॅनडाची ना? तुम्हीच सांगितलं होतंत. आणि मग दुसऱ्या बाजूला काहीतरी खरवडलेलं. कारखान्याचं नाही, हाताचं. खिळ्याने कोरल्यासारख्या उभ्या रेघा, सात, आणि त्यांवर एक आडवी. कुणीतरी दिवस मोजले असतील. सुट्टीचे असतील, की घरी जायचे. सात झाल्यावर काट मारली. पुढच्या नाहीत. गेला असेल घरी, असं मी ठरवलंय. तुम्ही म्हणाल पुरावा काय. काही नाही.

मी ते बोटाने चाचपून बघतो. चाकावर धरली असती तर हा माणूस मला कधीच भेटला नसता. तुम्ही काय जमवता ते आता कळलं. इतकी वर्षं जेवताना सांगत होतात आणि मी ताटात बघत होतो.

आता सरळ विचारतो, गाडी आठवड्यातून तीनदा असते वगैरे नाही. मला घरी यायचंय. कटर बंद केला की कान सुन्न होतात आणि त्या सुन्नपणात मला आपल्या दाराची कडी ऐकू येते. आई भांडी लावतेय, तुम्ही खोकताय. मी बोलावल्याशिवाय येणार नाही, तुमचा शब्द आहे. येऊ का? एका शब्दात कळवा.

भिंगरी


१५ नोव्हेंबर

आप्पा,

सात आठवडे झाले. एकच शब्द मागितला होता. नसेल द्यायचा तर आईला सांगा, ती कळवील. वाट बघायला तुम्हीच शिकवलंत, पण फडक्यावर निदान रंग तरी दिसायचा.

भिंगरी


२७ नोव्हेंबर

चि. भिंगरी,

तुझं सप्टेंबरचं पत्र आलं त्या दिवसापासून लिहितो आहे. पाच कागद फाडले. आई म्हणाली, "ये लिहायला दोन महिने लागतात का?" तो शब्द लिहायला नाही लागत. त्याच्या आधीचं लिहायला लागतात.

तुझ्या हातून तुटलेल्या संगिनीबद्दल सांगायचं आहे.

मी बावीस वर्षांचा होतो, नुकता कोठारात लागलेला. टाकाऊ मालात ती मिळाली, चार पन्हळींची, पण टोक मोडलेलं. मला सबंध हवी होती. दुसऱ्या एका मोडक्या सळईचं टोक कापलं, गॅसने जोडलं, चाकावर घासून एकजीव केलं. कानशीने पन्हळी पुढे ओढल्या. मग काळी केली. साहेबांनाही जोड दिसला नाही. मग हळूहळू मलाही दिसेनासा झाला. येणाऱ्या-जाणाऱ्याला, तुझ्या आईला, तुला मी हेच सांगत आलो, की ही माझ्याकडची सगळ्यात अस्सल.

त्या दिवशी तू झाकण उचकटलंस आणि ती तुटली, तेव्हा तुकडा मी उचलला. तुटल्या जागी लोखंडाचा दाणा बघायचा असतो. सबंध लोखंड तुटलं तर दाणा सगळीकडे सारखा, ताजा. इथे तो फक्त कडेने होता. मधोमध जुना काळा डाग, जिथे जोड आतपर्यंत भिनलाच नव्हता. ती तू मोडली नाहीस. ती मी सबंध कधी केलीच नव्हती. झाकणाने नाही तर आणखी कशाने तुटली असती.

तुला तेव्हाच लोखंड थोडं थोडं कळायला लागलं होतं. तू तुकडा मागशील, बघशील, विचारशील, "आप्पा, हे काळं कसलं?" म्हणून मी तो खिशात घातला आणि मोठ्याने ओरडलो. तुला राग वाटला. ती भीती होती. घरात एका जागी न टिकणारा मुलगा असला की त्याला घालवायला कारण फार शोधावं लागत नाही. कुणी मला विचारलंही नाही.

नंतर बोलवायचं तर हे सांगावं लागणार होतं. न सांगता बोलावलं असतं तर तू येऊन माझ्यासमोर अपराध्यासारखा बसला असतास आणि मी तसा बसू दिला असता. तेवढं खाली जायचं नव्हतं. तीन वर्षं यातच गेली.

आईला काल सांगितलं. तिने कपाटावरची पिशवी खाली काढली. मग म्हणाली, "तुमची पिशवी मी भरून ठेवते."

तू विचारलंस, येऊ का. हे घर तुझं आहे, तिथे यायला तुला परवानगी मागायला लावली ही माझी चूक. पण ज्याने उगाच घालवलं त्याने खुर्चीत बसून "ये" म्हणावं, हे मला पटत नाही. म्हणून मी विचारतो. मी तिकडे येऊ का? त्या सात रेघाही बघायच्या आहेत. तुला राग असेल आणि नको म्हणालास तरी मी वाईट वाटून घेणार नाही. वाटेल, पण तुला कळवणार नाही.

तुझा
आप्पा


६ डिसेंबर

आप्पा,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं आणि खिशात ठेवून कामाला लागलो. दिवसभर कापलेल्या प्रत्येक तुकड्याचा दाणा बघत होतो. मालक ओरडला, "भंगार आहे ते, कुंडली नाही!"

राग आला. खोटं कशाला सांगू. तीन वर्षं कमी नसतात, आप्पा. त्यातली पहिली दोन मी रोज झोपायच्या आधी ते झाकण न उचकटता बाजूला ठेवायचो, मनातल्या मनात. आणि तुमच्या खिशात तो तुकडा होता. हे सगळं मला तुम्हाला बोलून दाखवायचंय, आणि ते पत्रात मावणार नाही. समोर बसा, तोंडावर बोलतो. म्हणून या.

मंगळवारच्या गाडीत बसा, ती रिकामी असते. खिडकीकडची जागा घ्या, उजवीकडची, डावीकडून ऊन येतं. शेवटून तिसऱ्या स्टेशनवर उतरा. बाहेर पडलात की पाण्याची टाकी दिसेल, तिच्याकडे पाठ करून चालत राहा. लोखंडाचा आवाज यायला लागला की बरोबर चाललात. कुणालाही विचारलंत तरी चालेल, इथे मला सगळे ओळखतात, मलाच त्याचं नवल वाटतं.

खोली लहान आहे. खाट एकच आहे, ती तुमची. मी जमिनीवर झोपतो. खालचा शेजारी सकाळी फार मोठ्याने गातो, त्याला काही बोलू नका, तुम्हाला बोलावंसं वाटेल. पांघरूण आणा, इथली घोंगडी टोचते. आईला म्हणावं, दुसरा स्वेटर विणू नको, मी घरी येऊन माप देतो. परत जाताना आपण दोघं एकाच गाडीने जाऊ. मालकाला सांगून ठेवलंय. तो म्हणाला, "पुन्हा सोडतोस?" मी म्हटलं, "नाही, सुट्टीवर जातोय." या शब्दाची मला सवय नाही, दोनदा म्हणून बघितला.

मंगळवारी मला कामावरून लवकर सुटता येणार नाही, तेव्हा स्टेशनवर नसेन. वखारीच्या फाटकात उभा राहीन. अंगावर कामाचेच कपडे असतील, तोंड काळं असेल आणि मिशी ठेवलीय. तीन वर्षांत मी जरा रुंद झालोय.

नीट बघा. ओळखाल.

भिंगरी